रवळनाथाने न दिलेला कौल

“चित्तशुद्धी केंद्र,” परुळेकर मास्तर म्हणाले आणि बशीतला चहा फुर्रकन ओढून त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

पडवीत आम्ही चौघं होतो. मास्तर, माझा धाकटा भाऊ भालचंद्र, त्याची मुलगी शलाका आणि मी. शलाकाच्या मांडीवर वही होती. तिने नाव मुकाट्याने लिहून घेतलं. कुणाला वाईट वाटू द्यायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव.

“मास्तरानू,” भालचंद्र म्हणाला, “ह्या नाव वाचून माणूस तसोच आत येतलो, काय सोवळा नेसान येतलो?”

“मग ‘मनःशांती’ ठेवा.”

“शांत तेराव्याक करतत.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली. गावातल्या निम्म्या मुलांची, दोन पतसंस्थांची आणि एका भजनी मंडळाची नावं त्यांनी ठेवलेली होती. तिठ्यावरच्या पिठाच्या गिरणीचं नाव त्यांनी ‘अन्नब्रह्म’ ठेवलं होतं. पाटी अजून आहे. सगळा गाव तिला सावंताची गिरण म्हणतो.

“तू काय म्हणतेस, शलाका?” त्यांनी विचारलं.

“मला ‘उमज’ आवडतं, मास्तर. साधं आहे. दारावरच्या पाटीला पण चालेल आणि ब्लॉगला पण.”

“ह्या बिलाग म्हणजे काय ता माका अजून कोणी धड सांगूक नाय,” भालचंद्र म्हणाला.

“बाबा, भिंतीवर लिहिण्यासारखं असतं. फक्त भिंत नसते.”

“मग लोक वाचतत खय?”

ही गोष्ट २०१० सालच्या मे महिन्यातली. मला तेव्हा अडुसष्ट पुरी होत होती, आता चौऱ्याऐंशी चालू आहे. काल जेवणात काय होतं ते विचारू नका, पण त्या आठवड्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. कुडाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौतीस वर्षं काढली. लोकांचं बोलणं जोडून द्यायचं, ऐकायचं नाही, असा तिथला नियम होता. त्यातलं पहिलं काम मी चोख केलं.

शलाका पुण्याला मानसशास्त्र शिकली. तिथल्या एका दवाखान्यात चार वर्षं काम केलं आणि एक दिवस दोन बॅगा घेऊन एसटीतून उतरली. म्हणाली, “आत्ये, इथे माणसाला झोप लागेनाशी झाली की एक तर भगताकडे नेतात, नाही तर ‘लग्न करून टाका’ म्हणतात. मधलं कुणी नाहीच. मी इथेच काम करणार.” त्यासाठी तिला रस्त्याच्या बाजूची खोली हवी होती.

सगळं अडलं होतं ते त्या खोलीवर.

ती खोली नलूची, म्हणजे शलाकाच्या आईची. नलू तिथे बसून गावभरच्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. ती गेली त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून खोलीला कुलूप, आत तिचं पायाचं शिलाई मशीन, आणि किल्ली भालचंद्राच्या कडदोऱ्याला. तो नलूचं नाव काढत नसे. दुसऱ्या कुणी काढलं तर “पंपार जाऊन येतंय” म्हणून उठायचा. तसाही तो रोज दुपारी दोन वाजता माडांना पाणी सोडायला पंपावर जायचा आणि तीनला परत यायचा. मागच्या बाजूने येणारी ती खडखड ऐकून मी दोनदा म्हटलं होतं की पंपाचा पट्टा सैल झालाय. एकदा तर मेकॅनिकसुद्धा बोलावला. भालचंद्राने त्याच्याकडून चांगला पट्टा गपचूप बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी खडखड होतीच.

आता तो म्हणत होता, खोली मोबाईलच्या दुकानाला द्यायची. जूनच्या एक तारखेपासून.

“बाबा, मी मागतेय ना.”

“तुका कोण नाय म्हणता? पण लोक काय म्हणतले? धुऱ्यांच्या घरात वेड्यांचो दवाखानो.”

“वेड्यांचा नाही, बाबा. लोक येणार, बोलणार, मी ऐकणार.”

“तितक्यासाठी पुण्याक कशाक जाऊक होया होता? तुझी आत्या हयसर बसान ताच करता.”

मास्तर चिवड्यातले शेंगदाणे बोटाने शोधत होते.

मग भालचंद्र म्हणाला, “देवाक इचारूया.”

आमच्याकडे हे नवीन नाही. विहीर खणायची, मुलगी द्यायची, ग्रामपंचायतीला कोण उभं राहायचं, सगळं रवळनाथाला विचारून. देवळात एक काळा पाषाण आहे. गुरव त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही.

“‘उमज’ ह्या नावान त्या खोलयेत काम काढू काय, असा इचारुचा,” भालचंद्र म्हणाला. “उजवो पडलो तर किल्ली तुझी. डावो पडलो तर मोबाईल.”

मला वाटलं शलाका भांडेल. पण ती बापाकडे नीट बघत राहिली आणि म्हणाली, “ठीक आहे. पण मग तुम्ही पण तो मानायचा.”

“देवाचो कौल मी मानूचंय नाय?” भालचंद्र इतक्या खात्रीने म्हणाला, की मला संशय यायला हवा होता.

पोरीचं सगळं एका कळीवर. त्या दुपारी माझा डोळा लागेना. शेवटी मी छत्री उघडली आणि उन्हातून बाबल गुरवाच्या घरी गेले.

बाबलबद्दल सांगायलाच हवं. त्याने जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. एकदा एकाच मुहूर्ताच्या तीन लग्नांत ढोल वाजवायचं कबूल करून बसला. तिन्हीकडे गेला. एकाकडे नवरदेव येताना, दुसऱ्याकडे अंतरपाट धरताना आणि तिसऱ्याकडे पंगत उठल्यावर वाजवलं. तिघंही रागावले आणि तिघांना त्याने “व्हय, माझा चुकला” म्हटलं.

तो खळ्यात बसून पत्रावळी लावत होता.

“बाबल,” मी म्हटलं, “सोमवारी आमचो कौल आसा. डावी कळी जरा घट्ट बसली तर?”

त्याने हातातली काडी थांबवली. “कितकी घट्ट?”

“उजवी पडेपर्यंत.”

“माई, ह्या देवाचा काम आसा...”

“पोर आईविना आसा, बाबल. देवाक कळता, पण वाऱ्याक कळात असा नाय. वारो डाव्या बाजून येता. तितकीच काळजी घे. जाडशी पेज लाव.”

बाबलने देवळाच्या दिशेने हात जोडले. मग खालच्या आवाजात म्हणाला, “पेज कित्याक? पेज सुकली की सुटता. फणसाचो चीक लावतंय.”

“लागतलो?”

“माई, फणसाचो चीक हाताक लागलो तर जल्मभर सुटणा नाय. ह्या तर दोन तासांचा काम.”

“मग करशील?”

“व्हय,” बाबल म्हणाला.

परत येताना मला वाटेत देवळाचा कळस दिसला. मी छत्री जरा त्या बाजूला कलती धरली.

सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही देवळात. खबर गावभर झालेली होती, त्यामुळे दहा-बारा माणसं आधीच खांबांना टेकून बसली होती. मास्तर होते. आमच्या शेजारची भागीकाकी होती. तिच्याशिवाय गावात काही होत नाही. बाबलने धुतलेलं धोतर नेसलं होतं. तो माझ्याकडे बघेना. भालचंद्राकडेही बघेना. मला वाटलं, भक्तीने असेल.

कळ्या लावून झाल्या. बाबलने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर आपली बाजू मोठ्याने मांडायची, आणि दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी हुंकार द्यायचा.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“आज ह्या तुझा लेकरू शलाका भालचंद्र धुरी, पुण्याक जावन मोठा शिक्षण घेवन इला हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेका आता हयसर एक थे... थेर...”

“थेरपी,” शलाका हळूच म्हणाली.

“थेरपी घालूची आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि एक बिलाग...”

“ब्लॉग, काका.”

“ता काय ता तुका म्हायत आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

“‘उमज’ ह्या नावान त्या खोलयेत तिचा काम सुरू होवचा आसात, तर उजवो दी. नसात तर डावो दी. आणि काय ता लवकर दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटचं वाक्य गाऱ्हाण्यात नसतं. ते बाबलने आपल्या पदरचं घातलं होतं.

आम्ही पाषाणाकडे बघत बसलो. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. एरवी पाणी सुकलं की एखादी कळी सुटते. उकाडा मरणाचा होता, पाणी केव्हाच सुकलं असणार. पण डावी हलेना. ती हलणार नाही हे मला ठाऊकच होतं. उजवीही हलेना.

अकरा वाजले. मला घाम फुटायला लागला. उजवीला तर नुसतं पाणी होतं. ती का पडत नव्हती? त्याला एकच कारण असू शकत होतं. देवाने माझी लबाडी पाहिली होती आणि तो मला तोंडघशी पाडल्याशिवाय राहणार नव्हता. मी मनातल्या मनात एक नारळ बोलले. साडेअकराला पाच नारळ झाले होते. भालचंद्राकडे पाहिलं, तर तोही उपरण्याने मान पुसत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीसाठी बाप नारळ बोलतोय.

“फुला कसली आसत ही?” भागीकाकीने विचारलं. “प्लास्टिकची नाय मा?”

“गो, गप बस,” बाबल खेकसला. बाबलला कुणावर खेकसताना मी प्रथमच पाहिलं.

पावणेबाराला त्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा काही नाही. लोक कुजबुजायला लागले. कौल मिळाल्याशिवाय उठायचं नाही ही रीत, आणि सगळ्यांच्या घरी भात शिजलेला. शेवटी बाबलने घसा खाकरला.

“देव बोलणा नाय,” तो म्हणाला, “म्हणजे तेका सांगूचा कायतरी रवला हा. कोणाच्या पोटात काय आसात तर भायर काढा. मगे बगूया.”

मी खाली फरशीकडे पाहिलं. माझ्या पोटात काय होतं ते मला नि बाबलला ठाऊक होतं, आणि ते तिथेच राहणार होतं.

मग भागीकाकी उठली. तिला भुकेची चक्कर यायची.

“देवा म्हाराजा,” ती म्हणाली, “गेल्या वर्सा मास्तरांच्या कुंपणावरचो फणस माकडान नेलो नाय. मीया काढलंय.”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. सवयीने मास्तरही म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं.

“व्हय काय व्हय! अहो, मी तेव्हा वनखात्याला अर्ज केला होता माकडांचा!”

“तेच्यासाठीच सांगलंय,” भागीकाकी म्हणाली आणि बसली. बसताना तिचा चेहरा इतका मोकळा दिसला, की मागच्या खांबाजवळचा एक जण उठला आणि त्याने आपण भजनात तीन वर्षं नुसते ओठ हलवतो असं सांगून टाकलं. व्हय म्हाराजा. दुसऱ्या एकाने सासऱ्याच्या बाराव्याला ताप आल्याचं सोंग केलं होतं. व्हय म्हाराजा. कुणी कुणाला विचारलं नाही की का केलंस. हसलेसुद्धा नाहीत. नुसता तो हुंकार, आणि पुढचा माणूस उभा.

मग मास्तर उठले. काठी टेकून सरळ उभे राहिले.

“मी या गावात शंभरावर नावं ठेवली,” ते पाषाणाला म्हणाले. “एकही कुणी वापरत नाही. माझ्या सख्ख्या नातीचं नाव मी ऋतंभरा ठेवलं. तिला सगळे पिंकी म्हणतात.” ते थांबले. “मीसुद्धा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

शलाकाने वही बंद केली होती. ती आता पाषाणाकडे बघत नव्हती, माणसांकडे बघत होती.

एक वाजायला आला. गाभाऱ्यातून तेलाचा वास येत होता. आता नक्कीच कुणीतरी “पुरे” म्हणणार असं वाटत असताना माझ्या बाजूला हालचाल झाली. भालचंद्र उठला होता.

“मीया एक खोटा बोलतंय, म्हाराजा,” तो म्हणाला.

“व्हय म्हाराजा.”

“दुपारी मी पंपार जातंय म्हणान सांगतंय. मी पंपार जाणंय नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“मागच्या दारान नलूच्या खोलयेत जातंय. तिच्या मशिनीर बसतंय.” त्याच्या हातात उपरण्याचा पिळा झाला होता. “माका शिवूक येणा नाय. दोरो नसता, कापड नसता. नुसतो पाय मारतंय. तो आवाज येता मा, तेच्यासाठी. तो आवाज इलो की ती घरात आसा असा वाटता.”

हुंकार यायला क्षणभर उशीर झाला. आला तेव्हा तो खालच्या आवाजात होता. “व्हय म्हाराजा.”

माझ्या डोक्यात पंपाचा नवा पट्टा फिरत होता. चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई मी. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांचे खोकले ओळखायचे. आणि नलूचं मशीन मला तीन वर्षं ओळखता आलं नव्हतं.

“मोबाईलच्या दुकानाचा मी उगाच सांगलंय. खोली दिलंय,” भालचंद्र म्हणाला, “तर मी दोन वाजता खय जाव?”

काळ गेला की बरं वाटेल असं मास्तर म्हणाले नाहीत. भागीकाकीने आपल्या नणंदेच्या मेव्हण्याची गोष्ट काढली नाही. सगळे फक्त म्हणाले, “व्हय म्हाराजा.” त्यात शलाकाचा आवाज मला वेगळा ऐकू आला. सकाळपासून ती पहिल्यांदा म्हणाली होती.

भालचंद्राने उपरण्यात नाक शिंकरलं. मग आपल्याच पोटावर हात ठेवून नवल वाटल्यासारखा म्हणाला, “माई, माका भूक लागली हा.”

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण तीन वर्षं तो ताट पुढे केलं की जेवायचा आणि उचललं की उठायचा. भूक हा शब्द त्याच्या तोंडी मी विसरले होते.

बाबलने ती संधी सोडली नाही. त्याने दोन्ही हात वर केले.

“कळला!” तो ओरडला. “देव आज सांगूक बसूक नाय. देव आज आयकूक बसलो हा. आयकान झाला. आता सगळ्यांनी घराकडे जावा.”

असा कौल कुणी कधी ऐकला नव्हता. पण एक वाजून गेला होता आणि वाद घालायला कुणात त्राण नव्हतं. कळ्या पाषाणाला तशाच चिकटलेल्या ठेवून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी मी नारळ द्यायला गेले, तर बाबलची बायको खोबरेलाची वाटी आणि काथ्या घेऊन पाषाण जोरजोरात चोळत होती. म्हटलं, काय गो? म्हणाली, “देवाक तेल लावतंय.” मी पाच नारळ ठेवले आणि पटकन बाहेर पडले.

सोमवारी घरी कुळथाची पिठी होती, भात आणि फणसाची भाजी. मास्तर आमच्याकडेच जेवायला बसले. भालचंद्राने तिसऱ्यांदा भात घेतला, मग डाव्या हाताने कडदोरा चाचपला आणि किल्ली शलाकाच्या ताटाशेजारी ठेवली.

“कौल तर मिळाला नाही, बाबा.”

“माका मिळालो,” तो म्हणाला. “मशीन मात्र थयच रवतला.”

“मशीन तिथेच. आणि दोन ते तीन मी कुणाला वेळ देणार नाही. ती तुमची वेळ.”

भालचंद्र पिठी कालवत राहिला. बराच वेळ कालवत राहिला.

“चला, मग ‘उमज’ची पाटी रंगवायला टाकू,” मी म्हटलं.

“उमज नको, आत्ये. आता नको वाटतंय.” शलाका बोटाने भातात रेघा ओढत होती. “उमज म्हणजे मला उमजलंय आणि तुम्हाला मी उमजवणार, असं होतं ते. आज तिथे कुणी कुणाला काही उमजवलं नाही, नुसतं ऐकलं. पुण्यात मला हे शिकायला दोन वर्षं लागली, आणि इथे भागीकाकी पण करत होती. मी नाव ठरवलंय. ‘व्हय’.”

“व्हय?” भालचंद्र म्हणाला.

“व्हय.”

“ह्या खयचा नाव?”

मास्तरांनी घास खाली ठेवला. “अगं, निदान ‘तथास्तु’ म्हण. अर्थ तोच आणि पाटी भारदस्त दिसेल.”

“मास्तर, पिंकीला काय म्हणता तुम्ही?”

मास्तरांनी घास उचलला.

जूनच्या एक तारखेला पाटी लागली. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत ‘व्हय’, आणि खाली लहान अक्षरांत ‘बोलायचं असेल तर या’. ब्लॉगचं नावही तेच. ब्लॉगवर ती देवळातलं काही कधी लिहीत नसे, पण ऐकणं म्हणजे काय, झोप का उडते, असं साध्या भाषेत लिही. भालचंद्र कुडाळला जाऊन ते वाचायला शिकला आणि प्रत्येक लेखाखाली एकच शब्द टाकायचा: ‘व्हय. - बाबा’. फोनवर तर त्याने कहर केला. फोन वाजला की उचलून म्हणायचा, “व्हय.” पलीकडचा माणूस विचारी, “कोण बोलतंय?” हा म्हणे, “व्हय.” निम्मी माणसं घाबरून फोन ठेवायची. शलाका म्हणायची, उरलेल्यांना खरंच गरज असते.

पहिले दोन महिने कुणी आलं नाही. मग भागीकाकी आली, ब्लाऊज शिवून मिळतो का विचारायला, आणि तासभर बसली. मग येतच गेले लोक. दोन ते तीन मात्र दार बंद आणि आतून खडखड. येणारे लोक त्या वेळी खळ्यात थांबायचे. कुणी विचारलं नाही.

भालचंद्र गेला त्याला आता सहा वर्षं होतील. बाबल त्याच्या आधी गेला. जाताना कुणाला तरी “व्हय” म्हणूनच गेला असणार.

मी मात्र तो फणसाचा चीक पोटात घेऊन बसले होते. गेल्या मे महिन्यात मला वाटलं, आता वय झालं, हे बरोबर न्यायला नको. रीतसर वेळ मागून घेतली. घरातल्या घरात असूनही शलाकाने मला दुपारी एकची वेळ दिली. मी नलूच्या मशिनीसमोरच्या खुर्चीत बसले. मशिनीवर आता पाण्याचा तांब्या आणि रुमालांचा खोका असतो.

मी सगळं सांगितलं. छत्री, पत्रावळी, डावी कळी, चीक. “तुझ्यासाठी मी देवाला फसवलं गो. आणि म्हणून त्याने उजवीसुद्धा पाडली नाही. पंधरा वर्षं माझ्या जिवाला घोर आहे.”

शलाका गंभीरपणे ऐकत होती. ‘डावी’ या शब्दावर तिच्या ओठाचा कोपरा हलला. ‘चीक’ म्हटल्यावर तिने खाली पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि आता बेचाळिशीला आलेली ती बाई मशिनीवर कपाळ टेकून हसायला लागली. थांबेच ना. डोळ्यांतून पाणी आलं.

“हसतेस काय? हीच का तुझी थेरपी?”

“सॉरी, आत्ये. सॉरी.” पुन्हा हसू.

“अगं, पण झालं काय?”

“सांगता येत नाही.” तिने रुमाल काढून डोळे पुसले. “ते माझं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्या माणसाने तुझ्याच खुर्चीत बसून मला सांगितलंय. मी बोलणार नाही.”

मी त्या खुर्चीच्या हातांकडे पाहिलं. उजवा हात झिजून गुळगुळीत झाला होता. आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे यायला लागली. भालचंद्राची ती खात्री. त्याचा घाम. बाबलचं आम्हा दोघांकडे न बघणं. पाषाण चोळणारी त्याची बायको. ती दोन्ही अंगं चोळत होती.

बाबलने आम्हा दोघांनाही व्हय म्हटलं होतं.

“उजवीला भाल्याने चीक लावायला सांगितला होता,” मी म्हटलं. “होय ना?”

शलाकाने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत मी काही म्हटलं आणि ती ‘व्हय’ म्हणाली नाही, असं तेव्हाच झालं. तिने घड्याळ बघितलं.

“वेळ संपली, आत्ये,” ती म्हणाली. “दोन वाजले.”

मी काठी घेतली आणि पडवीत येऊन बसले. मेल्या भाल्या, म्हटलं मनात, आणि माझे पाच नारळ? आत शलाकाने दार लावून घेतलं. मग खडखड सुरू झाली, एका लयीत, दोरा नाही, कापड नाही.

या खेपेला मी मेकॅनिकला बोलावलं नाही.